हँगओव्हर टाळण्यासाठी पाणी, क्षार आणि पूरक गोळ्या: नव्याने पिऊ लागलेल्यांसाठी मार्गदर्शन

गटारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, किंवा लग्नसराईत हळदीच्या रात्रीनंतर, औषधांच्या दुकानात दोन मागण्या हमखास येतात. एक जण डोके उतरण्यासाठी काहीतरी द्या म्हणतो, तर दुसरा पुढच्या वेळी आधीच घेऊन ठेवता येईल अशी एखादी गोळी किंवा पावडर आहे का, असे विचारतो. सांगलीत हे काम करताना मला दुसरा प्रश्न नेहमीच अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे, कारण तो विचारणारा बहुधा नुकताच मित्रांबरोबर बसू लागलेला तरुण असतो आणि त्याच्या सवयी अजून पक्क्या झालेल्या नसतात. हा लेख त्याच्यासाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: पाण्याने आणि क्षारांनी त्रास थोडा हलका होतो, पूरकांनी जवळजवळ काहीच होत नाही, आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ मुख्यतः किती आणि किती वेगाने घेतली यावर ठरते.

त्याआधी दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही, असे जाहीर केले आहे. त्यामुळे जो पीत नाही त्याने हा लेख वाचून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. दुसरे असे की महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवानाही लागतो. गरोदर स्त्रिया, यकृताचा आजार असलेले रुग्ण आणि खाली सांगितलेली औषधे घेणारे लोक यांच्यासाठी हँगओव्हर टाळण्याचा एकच उपाय आहे, तो म्हणजे न पिणे.

त्रास नेमका कशाने होतो

पोटातून रक्तात गेलेले अल्कोहोल यकृतात दोन टप्प्यांत मोडले जाते. पहिल्या टप्प्यात त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते आणि दुसऱ्या टप्प्यात त्याचे अ‍ॅसिटेट होते, जे शरीर पुढे सहज वापरून टाकते. या कामाचा वेग बहुतेकांमध्ये ताशी सुमारे ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल इतकाच असतो आणि कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ किंवा घाम गाळणे यांपैकी कशानेही तो वाढत नाही. त्याच वेळी अल्कोहोल मेंदूतून येणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला दाबते, त्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवण्याऐवजी बाहेर सोडतात. १० ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण १०० मिलिलिटर जादा लघवी होते, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. याशिवाय जठराच्या अस्तराचा दाह होतो, प्रतिकारयंत्रणा चाळवली जाते आणि झोप बिघडते. दारूने लवकर डोळा लागतो हे खरे, पण उत्तररात्री झोप वारंवार मोडते आणि घोरणेही वाढते, म्हणून आठ तास अंथरुणात पडूनही माणूस थकलेला उठतो.

यातले पाणी कमी होणे हे एकच कारण पाण्याने भरून निघते. तहान, तोंडाची कोरड, उभे राहताना येणारी भोवळ आणि डोकेदुखीचा काही भाग पाण्याने कमी होतो. मळमळ, अंगदुखी, थकवा, चिडचिड आणि काळजाची धडधड यांच्यावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. हँगओव्हर सर्वांत तीव्र असतो तोही रक्तातले अल्कोहोल जवळजवळ संपलेले असताना. म्हणूनच भरपूर पाणी पिऊन झोपलेला माणूसही सकाळी डोके धरून बसलेला आढळतो आणि पाण्याने काही झाले नाही म्हणून पुढच्या वेळी गोळी शोधू लागतो.

पहिली पायरी: मोजायला शिका

नवख्या माणसाची सर्वांत मोठी अडचण ही असते की त्याने किती घेतली हे त्यालाच ठाऊक नसते. स्टीलच्या पेल्यात अंदाजाने ओतलेला पेग ६० मिलिलिटरचा आहे की ९० चा, हे नजरेने कळत नाही. घरात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारे, रेघा असलेले झाकण असते. ते स्वच्छ धुऊन, १० मिलिलिटरच्या रेघेपर्यंत सहा वेळा पाणी भरून त्या पेल्यात ओतावे आणि पाणी कुठपर्यंत येते तिथे बाहेरून चिकटपट्टी लावावी. एकदा हे केल्यावर बहुतेकांना आपला नेहमीचा लार्ज पेग प्रत्यक्षात दीड पेग असल्याचे दिसते.

आता हिशेब करू. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीत बहुधा ४२.८ टक्के अल्कोहोल असते. एक मिलिलिटर अल्कोहोलचे वजन सुमारे ०.७९ ग्रॅम धरले, तर ३० मिलिलिटरच्या स्मॉल पेगमध्ये १० ग्रॅम आणि लार्ज पेगमध्ये २० ग्रॅम अल्कोहोल जाते. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम असते. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ४१ ग्रॅमची, म्हणजे चार स्मॉल पेगांएवढी असते. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने दोन बाटल्या संपवल्या, तर त्याने क्वार्टरपेक्षा बरीच जास्त घेतलेली असते. वाइनचा १५० मिलिलिटरचा पेला साधारण १५ ग्रॅमचा होतो. पलूसला वाइन पार्क आणि तासगावला द्राक्षबागा असल्यामुळे आपल्या जिल्ह्यात वाइन म्हणजे द्राक्षरसच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण यकृताच्या दृष्टीने अल्कोहोल कोणत्या बाटलीतून आले याने फरक पडत नाही.

यकृताचा वेग या आकड्यांशेजारी ठेवला की चित्र स्पष्ट होते. एक क्वार्टर मोडायला सहा ते साडेआठ तास लागतात. ३७५ मिलिलिटरची हाफ एकट्याने घेतली, तर तेरा ते अठरा तास लागू शकतात, म्हणजे रात्री नऊला सुरू केलेली दारू दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत रक्तात असू शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातील पातळी अधिक वर जाते. त्यामुळे नव्याने पिणाऱ्याने तासाला एका स्मॉल पेगपेक्षा वेगाने जाऊ नये आणि एका बैठकीत दोन-तीन स्मॉल पेगांवर थांबावे, हा माझा आग्रह आहे. हे आकडे अनेकांना हास्यास्पद वाटतात याची मला कल्पना आहे, परंतु हँगओव्हर टाळण्याचा खात्रीचा मार्ग एवढाच आहे.

दुसरी पायरी: बसण्याआधीचे पोट आणि पाणी

रिकाम्या पोटी घेतलेली दारू जठरातून पटकन लहान आतड्यात उतरते आणि तिथून झपाट्याने रक्तात जाते. पोटात अन्न असेल तर ती जठरात रेंगाळते, रक्तातील पातळी हळू चढते आणि तिचे टोक खाली राहते. म्हणून जेवण शेवटी न ठेवता आधी करावे. भाकरी-पिठले, वरण-भात-तूप, अंडी, दही, मटणाचा रस्सा आणि भाकरी, यांपैकी जे घरात असेल ते पोटभर खावे. प्रथिने आणि थोडी स्निग्धता असलेले जेवण असावे एवढेच पाहावे. तेल किंवा तूप नुसते पिऊन पोटाला ‘अस्तर’ लावण्याची पद्धत मात्र निरर्थक आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि दिवसभर मांडवात किंवा बागेत राबलेला माणूस संध्याकाळी बसतो, तेव्हा त्याच्या शरीरातले पाणी आधीच घटलेले असते. अशा वेळी पहिला घोट घेण्याआधी दीड-दोन तासांत अर्धा ते पाऊण लिटर पाणी किंवा पातळ ताक थोडे थोडे करून प्यावे. लघवी फिकट पिवळी झाली की पुरेसे पाणी गेले असे समजावे. तहान भागवण्यासाठी थंड बिअर घेणे ही उन्हाळ्यातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण तहानेच्या भरात पहिली बाटली दहा मिनिटांत संपते.

तिसरी पायरी: बसल्यानंतर

प्रत्येक पेगनंतर एक पेला, म्हणजे सुमारे २५० मिलिलिटर, साधे पाणी प्यावे आणि तो पेला संपेपर्यंत पुढचा पेग भरू नये. यातून जाणारे पाणी उपयोगाचे आहेच, परंतु त्याहून मोठा फायदा वेळेचा होतो, कारण पाणी पिण्यात जाणारी दहा-पंधरा मिनिटे दारूचा वेग कमी करतात. दुसऱ्याने आपला पेला भरत राहू नये म्हणून तो पूर्ण रिकामा झाल्याशिवाय पुढे करू नये. अर्धवट पेल्यात वरून ओतले की मोजणी हातची जाते.

चखण्याला आपल्याकडे भडंग, खारे शेंगदाणे, फरसाण असते. हे पदार्थ खारट असल्यामुळे तहान वाढवतात आणि ती तहान दारूनेच भागवली जाते. भडंग सोडा असे सांगलीकराला सांगण्याचे धाडस मी करणार नाही, पण शेजारी काकडी, गाजर, उकडलेली अंडी किंवा पनीर ठेवावे आणि पाण्याचा तांब्या हाताशी असावा. सोड्यासारखी वायुयुक्त पेये मिसळल्याने काही जणांमध्ये अल्कोहोल लवकर रक्तात जाते, तर एनर्जी ड्रिंकमधील कॅफिनमुळे चढलेली कळत नाही आणि माणूस जास्त पितो. एनर्जी ड्रिंक दारूत मिसळणे पूर्णपणे टाळावे.

दारूच्या प्रकाराविषयीही पुष्कळ समजुती आहेत. आंबवताना आणि मुरवताना तयार होणारी मिथेनॉलसारखी उपद्रव्ये ब्रँडी, रेड वाइन आणि मुरवलेल्या व्हिस्कीत जास्त आणि व्होडका-जिनमध्ये कमी असतात, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बर्बन (मुरवलेली अमेरिकी व्हिस्की) घेतलेल्यांना व्होडका घेतलेल्यांपेक्षा जास्त त्रास झाला, हे खरे आहे. परंतु आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बरेचसे मळीपासून किंवा धान्यापासून काढलेले शुद्ध स्पिरिट असते आणि रंग कॅरॅमलचा असतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून अनुमान काढता येत नाही. आधी बिअर की आधी वाइन, हा वाद तर २०१९ साली एका युरोपीय चाचणीने निकालात काढला आहे. क्रम बदलून हँगओव्हरमध्ये फरक पडला नाही. हातभट्टीची दारू मात्र कधीही घेऊ नये. तिच्यातील मिथेनॉलमुळे २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी दृष्टी धूसर झाली, श्वास जोरात चालू लागला किंवा पोटात तीव्र कळा आल्या, तर तो हँगओव्हर समजून घरी न थांबता तात्काळ रुग्णालय गाठावे.

चौथी पायरी: झोपण्यापूर्वी

अंथरुणावर पडण्याआधी सुमारे अर्धा लिटर पाणी किंवा ओआरएस सावकाश प्यावे आणि उशाशी भरलेला तांब्या ठेवावा. एका दमात दोन-तीन लिटर पाणी पिणे धोक्याचे आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम पातळ होते. विशेषतः रात्रभर बिअर घेतलेल्याने असे करू नये. जास्त प्यायलेल्या मित्राला पाठीवर न झोपवता कुशीवर झोपवावे आणि त्याला एकटे सोडू नये, कारण झोपेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

ओआरएसविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण दुकानात सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, असे एकूण २०.५ ग्रॅम घटक असतात. ग्लुकोज आणि सोडियम ठरावीक प्रमाणात असले की आतडे दोन्ही एकत्र शोषते आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. पाकीट विकत घेताना मागच्या बाजूला हे चार घटक आणि किती पाण्यात मिसळायचे ते वाचावे. छोटे पाकीट २०० मिलिलिटरसाठी असते आणि मोठे एक लिटरसाठी, त्यांची अदलाबदल करू नये. नुसत्या ग्लुकोज पावडरीत पुरेसे सोडियम नसते. खोक्यातील गोड पेयांवर ‘ओआरएस’ हे नाव छापण्याला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तीही ती पेये या सूत्रात बसत नव्हती म्हणूनच. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने मोजून विरघळवावे व हवे तर लिंबू पिळावे. ताकात मीठ घालून घेतले तरी चालते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते, म्हणून ते ओआरएसची जागा घेत नाही, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ओआरएसऐवजी साधे पाणी घ्यावे.

पूरक गोळ्या आणि पावडरी

२००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला आणि कोणताही उपाय हँगओव्हर टाळतो किंवा बरा करतो याचा ठोस पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी अ‍ॅडिक्शन या नियतकालिकात २१ चाचण्यांचा नवा आढावा आला, आणि त्यातही पुराव्याचा दर्जा अतिशय कमी असल्याचेच आढळले. आकर्षक वेष्टनातील पावडर घेण्याआधी एवढे लक्षात असू द्यावे.

ब जीवनसत्त्वांच्या गोळ्या सर्वाधिक खपतात. अनेक वर्षे रोज पिणाऱ्यांमध्ये थायमिनची, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची, गंभीर कमतरता होते आणि त्यांना ते द्यावेच लागते. महिन्यातून एकदा बसणाऱ्या निरोगी तरुणाला मात्र त्या गोळीने सकाळी फरक जाणवण्याचे कारण नाही. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर मोलाचे औषध आहे, परंतु हँगओव्हरवरील चाचणीत एकंदर फायदा दिसला नाही. डायहायड्रोमायरिसेटिन या वनस्पतिजन्य द्रव्याची ख्याती मुख्यतः २०१२ च्या उंदरांवरील प्रयोगातून आली. निवडुंगाच्या फळाच्या अर्काने २००४ च्या एका छोट्या चाचणीत मळमळ आणि तोंडाची कोरड काहीशी कमी झाली, पण डोकेदुखीवर परिणाम झाला नाही. कोळशाच्या गोळ्या अल्कोहोल शोषून घेत नाहीत, त्यामुळे त्यांवर पैसे घालवू नयेत.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिचा आपल्याला सार्थ अभिमान आहे, त्यामुळे दारूआधी हळदीची कॅप्सूल घ्या, असा सल्ला इथे आपुलकीने दिला जातो. भाजीतली किंवा दुधातली हळद खुशाल घ्यावी. कॅप्सूलमध्ये मात्र कर्क्युमिनचा तीव्र अर्क असतो आणि शोषण वाढावे म्हणून मिरीतील पायपरिनही असते. अशा कॅप्सूलमुळे काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. यकृतावर आधीच ताण देणार असलेल्या रात्री असा अर्क घेणे मला मुळीच पटत नाही.

वेदनाशामके रात्री, दारू अंगात असताना, घेऊ नयेत. पॅरासिटामॉल यकृतातच मोडले जाते आणि नियमित पिणाऱ्यांमध्ये त्यापासून इजा होण्याचा धोका वाढतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, त्यामुळे नकळत दुप्पट डोस जातो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि अ‍ॅस्पिरिन यांनी आधीच सुजलेल्या जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. उलटी थांबवणारी गोळी आधीच घेऊन बसणे तर अतिशय चुकीचे आहे, कारण शरीर जास्त झालेली दारू बाहेर टाकते त्याच मार्गावर ती आडवी येते. मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल चालू असताना दारू घेतल्यास तीव्र मळमळ, चेहरा लाल होणे आणि धडधड होऊ शकते. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांबरोबर श्वास मंदावतो. मधुमेहावरील इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्याची साखर मध्यरात्री धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रोजचे कोणतेही औषध चालू असेल, तर आपल्या औषधविक्रेत्याला आधी विचारावे. हा प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही.

पाचवी पायरी: सकाळी

उठल्यावर ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घ्यावे, आणि पोट स्वीकारू लागले की पेज, मऊ भात, इडली, केळे असे हलके अन्न खावे. डोके फार दुखत असेल आणि यकृत निरोगी असेल, तर सकाळी काही खाल्ल्यानंतर पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी बहुतेकांना चालते. चहा-कॉफीची सवय असलेल्याने एक कप घ्यावा, अन्यथा कॅफिन न मिळाल्याची डोकेदुखी वर जोडली जाते. उतारा म्हणून सकाळी पुन्हा पेग घेतल्यास त्रास फक्त पुढे ढकलला जातो आणि सकाळी पिण्याची सवय लागण्याचा धोका उभा राहतो. गाडी चालवण्याबाबत तर कोणतीही सूट घेऊ नये: मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढी आहे आणि वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे सकाळी कोल्हापूर किंवा पुण्याला निघालेला माणूस तिच्या बराच वर असू शकतो.

कोणी हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी होत असेल, ओठ निळसर पडले असतील, झटका आला असेल किंवा उलटीत रक्त दिसले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवावे.

एक अवस्था हँगओव्हरसारखी दिसते, पण ती वेगळी असते. रोज पिणाऱ्याचे हात सकाळी थरथरतात, घाम सुटतो, बेचैनी वाढते आणि एक पेग घेतल्यावर बरे वाटते, तेव्हा ती दारू उतरल्याची नव्हे तर सवय जडल्याची लक्षणे असतात, आणि अशा माणसाने स्वतःच्या मनाने एकाएकी दारू बंद केल्यास झटके येऊ शकतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, आणि साताऱ्याचे ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र आपल्याला जवळचे आहे. डॉक्टरांकडे जाताना रोज किती घेतो हे कमी करून सांगू नये, मिलिलिटरमध्ये मोजून सांगावे, कारण झटके टाळणाऱ्या औषधांचा आणि थायमिनचा डोस त्या माहितीवरच ठरवला जातो.